उंबरठ्याबाहेरचा बर्फ

संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून वाल सोलत होतो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालायचे, एकेक दाणा बोटांत धरून दाबायचा, की डाळिंबी पुढे उडी मारते आणि साल हातात राहते. माझ्या डाळिंब्या परातीबाहेर उडायच्या, तिच्या कधी नाही. ती म्हणाली, बर्फाच्या लाद्या फोडायचे हात ते, वाल कसे सोलणार. मी म्हटलं, मग तूच सोल. तरी मी उठलो नाही आणि तिनेही उठवलं नाही. सालं कोंबड्यांना टाकली. सोललेले वाल पातेल्यात पाणी घालून झाकून ठेवले, सकाळी बिरडं करायचं ठरलं. नारळ घरात आहे की पाडायला सांगायचा, यावर थोडं बोलणं झालं. मग जेवलो आणि झोपलो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. त्या रात्री झोपेतच माझी बायको यमुना गेली.

दिवाळी अंकवाल्यांनी मला बर्फाच्या कारखान्यावर लिहायला सांगितलं, तेव्हा ती होती. तिला सांगितल्यावर म्हणाली, "बर्फावर काय लिवनार? लिवेपर्यंत वितळून जाईल." म्हणून तेव्हा राहिलं. आता लिहितो. मी चौथीपर्यंत शिकलो. शब्द बरोबर दिसले तर ते अंकवाल्यांनी सुधारले असं समजा.

रेवसच्या धक्क्याजवळ आमचा कारखाना. मालक दुसरा होता, पण मालकापेक्षा माझाच मुक्काम तिथे जास्त. बर्फ कसा होतो ते लोकांना माहीत नसतं, फक्त तो महाग झाला की माहीत होतं. एक मोठा हौद असतो. त्यात मिठाचं पाणी, आपल्याच मिठागरातलं मीठ घालून केलेलं. खारं पाणी लवकर गोठत नाही म्हणून ते. हौदातून अमोनिया गॅसच्या नळ्या फिरतात आणि ते पाणी गारठवतात. मग पत्र्याचे उंच डबे गोड्या पाण्याने भरायचे आणि त्या हौदात गळ्यापर्यंत बुडवून ठेवायचे. बाहेर खारं, आत गोडं. एक दिवस, एक रात्र आणि वर थोडा वेळ गेला की डब्यातल्या पाण्याचा दगड होतो. साखळीने डबा उचलायचा, साध्या पाण्यात एक बुचकळी द्यायची म्हणजे कडा सुटतात, आडवा केला की लादी सर्रकन बाहेर. घाई केली तर लादीच्या पोटात पाणी राहतं. वरून धडधाकट दिसते आणि होडीवर चढवेपर्यंत दुभंगते.

साधी लादी मध्ये दुधासारखी पांढरी असते. गोठताना डब्यात हवेची नळी सोडून पाणी हलतं ठेवलं तर लादी काचेसारखी होते, पलीकडचा माणूस दिसतो. ट्रॉलरवाल्यांना त्याचं काही नसतं, ते तिचा चुराच करणार. पण मी एक रांग कायम काचेची काढायचो. मालक विचारायचा कशाला, मी म्हणायचो मशीन तपासायला. खरं कारण असं की मला ती बघायला आवडायची.

हे काम सोपं नव्हतं. एकदा व्हॉल्व्हमधून अमोनिया सुटला. तो वास नाकात जात नाही, थेट डोक्यात जातो. धक्क्यावरची माणसं वाऱ्याच्या उलट्या दिशेला पळाली. हा गॅस वर चढतो, म्हणून मी गोणपाट भिजवून तोंडाला बांधलं आणि जमिनीला चिकटून सरपटत आत गेलो, व्हॉल्व्ह फिरवला. घरी आलो तेव्हा डोळे सुजून बंद झाले होते. यमुनाने मागच्या दारी बसवून तांब्याने पाणी ओतलं, ओतता ओतता म्हणाली, "एवढा जीव घालवून काय केलात, तर पानी घट्ट केलात." शेजारी हसले. मीसुद्धा हसलो, डोळे दुखत असताना.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. किहीमच्या बंगल्यातला एक साहेब मे महिन्यात कुत्र्यासाठी लादी न्यायचा. थंड देशातला केसाळ कुत्रा, तो लादीवर पोट टाकून दिवसभर पडायचा. एकदा साहेब त्याला गाडीतून कारखान्यावर घेऊन आला, तर कुत्रा उतरायला तयार होईना, मग उतरल्यावर परत चढायला तयार होईना. त्या कुत्र्याने माझ्या कारखान्याचं जेवढं कौतुक केलं तेवढं माझ्या घरात कुणी केलं नाही. लग्नवाले यायचे, सरबताला बर्फ न्यायचे आणि वरातीत नाचत बसायचे, मंडपात पोचेपर्यंत गोणपाटात नुसतं पाणी. मग भांडायला परत यायचे.

आणि मयताचे. कुणाचा मुलगा गुजरातेत, कुणाचा जहाजावर, तो येईपर्यंत माणूस ठेवायचा असायचा. मयताच्या बर्फाचे पैसे घ्यायचे नाहीत हा मालकाच्या बापाचा नियम, तो कधी मोडला नाही. लोकांना अशा वेळी सुचत नाही, म्हणून मी स्वतः जायचो आणि सांगायचो. लादी अंगावर ठेवायची नाही. दोन्ही बाजूंना ठेवायची, गोणपाटात गुंडाळून. चेहऱ्याला बर्फ लावायचा नाही. पाणी वाहून जायला एका बाजूने उतार ठेवायचा. पंचक्रोशीत असं घर कमी असेल जिथे मी बर्फ घेऊन गेलो नाही.

फक्त माझ्या घरात नेला नाही. कारण यमुनाने तो कधी उंबरठ्याच्या आत येऊ दिला नाही.

त्याचं असं होतं. यमुना मासे विकायची. आमच्याकडच्या लहान होड्या भरतीबरोबर जातात आणि भरतीबरोबर येतात, त्यांना बर्फ लागत नाही. ती त्या होड्यांवरून मासळी घ्यायची आणि पाटी डोक्यावर घेऊन आतल्या भातशेतीच्या गावांत फिरायची. दारात पाटी उतरवली की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, बर्फ नाय लागलेला. आमच्याकडे बर्फातला मासा म्हणजे शिळा मासा, मग तो किती का चांगला असेना. ट्रॉलर आठ-आठ दिवस बाहेर राहतात, ते माझ्या बर्फाच्या जोरावर. त्यांची मासळी स्वस्त आली की यमुनाची पाटी उरायची. म्हणजे ती ज्याच्याशी दिवसभर भांडून यायची, तो मी. घरात आल्यावर उरलेलं भांडण माझ्याशी.

ती म्हणायची, तुमचा बर्फ मढ्याला आणि ट्रॉलरला. मी कामावरून आलो की गोणपाट मागच्या दारी टाकायचं, तिथेच हातपाय धुवायचे, मग आत. उन्हाळ्यात सरबत माठातल्या पाण्याचं. लेक रेखा लग्नानंतर मस्कतला गेली, तिने फ्रिजसाठी किती वेळा फोन केले. यमुनाचं उत्तर, "आज आनलं, आज खाल्लं. उद्याचं उद्या बगू." फ्रिज आला नाही तो नाहीच.

आणि ती बोट लावून सांगायची. मासा आजचा की कालचा, बर्फ लागलेला की न लागलेला. डोळे मिटून नुसता हात फिरवायची. मी तिला चुकलेलं कधी पाहिलं नाही. मी तरी काय करणार? मला एवढंच वाटायचं की एकदा, मरायच्या आधी, तिने म्हणावं की बर्फसुद्धा काम आहे. एवढी वर्षं जे केलं ते नुसतं पाणी घट्ट करणं नव्हतं. बस, एवढंच. मागितलं कधी नाही. मागून मिळालं असतं तर त्यात काय राहिलं?

माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत एक मुलगी धक्क्यावर यायला लागली. नेहा नाव. मुंबईतल्या एका हॉटेलात मुख्य स्वयंपाकीण, तिला सगळे शेफ म्हणायचे. हॉटेल पेरू देशातल्या जेवणाचं. पेरू नावाचा देश आहे, समुद्राकाठचा, हे मला तिनेच सांगितलं. तिला आमच्या खाडीतला जिताडा मासा पाहिजे असायचा. पहिल्या दिवशी ती आली आणि बर्फाच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून उभी राहिली. हात लाल झाला तरी काढेना. मी म्हटलं, पोरी, काय शोधतेस? म्हणाली, "काका, तळाशी पण वरच्याइतकंच गार आहे का बघते." मी त्या दिवसापासून तिला मानलं. खालचा बर्फ वितळून मासे पाण्यात नासतात, हे धक्क्यावर अर्ध्या लोकांना कळत नाही, कळलं तरी कोण हात घालतो.

तिची पद्धत वेगळी होती. होडीवाल्याला तिने शिकवलं, मासा तडफडत मरू द्यायचा नाही, डोक्यात सुई मारून लगेच संपवायचा आणि तिथेच बर्फ कालवलेल्या समुद्राच्या पाण्यात सोडायचा. खारं पाणी जास्त गार होतं आणि मासा चारी बाजूंनी गारठतो. मी आयुष्यभर हौदात हेच केलं, पण मासा त्यात सोडायचं मला कधी सुचलं नाही. तिला चुरा बारीक लागायचा, रव्यासारखा. क्रशरमधून दोनदा काढून द्यायचो. एकदा जाड गेला, तर तिने पेटी परत पाठवली आणि वर फोन करून सॉरी पण म्हणाली. परत पाठवणारे पुष्कळ पाहिले, सॉरी म्हणणारी ही पहिली.

मी निवृत्त झालो तरी ती धक्क्यावर आली की चहाला घरी यायची. दर वेळी सांगायची, काकींना घेऊन जेवायला या. काकी म्हणायच्या, दुसऱ्याच्या हातचं मासं मी खात नाय. नेहा हसायची आणि पुढच्या वेळी परत तेच सांगायची.

शेवटी योग आला तो डोळ्यांमुळे. यमुनाला मोतीबिंदूसाठी मुंबईला डॉक्टरकडे न्यायचं होतं. ती गेली त्याच्या आदल्याच आठवड्यातली गोष्ट. लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलो, डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून तपासलं, ऑपरेशनची तारीख पुढची दिली. बाहेर आलो तर उन्हाने तिचे डोळे उघडेनात. भूकही लागली होती. मी म्हटलं, नेहाचं हॉटेल इथून जवळ आहे. ती म्हणाली, "पंखा हाय का तिथं?" एवढ्यावर ती तयार झाली.

पत्ता सापडला पण पाटी सापडली नाही. मोठ्या हॉटेलांना पाटी लावायची लाज वाटते असं दिसतं. जुन्या गोदामाचा जाड दरवाजा, तो ढकलल्यावर आत एकदम गारवा आणि गाणी. गाणी फार जोरात होती, ते आधीच सांगून टाकतो. खुर्च्या एवढ्या उंच की यमुनाने साडी सावरत विचारलं, ही बसायची हाय की माडावर चढायची. एका मुलीने लगेच आम्हाला साध्या टेबलाशी नेलं, गाण्यांचा आवाज आमच्या बाजूचा कमी केला. यमुनाचे डोळे बघून खिडकीचा पडदा ओढला. कुणी सांगितलं नव्हतं. आजूबाजूला सगळी तरुण माणसं, चांगल्या कपड्यांतली, ताटाचे फोटो काढणारी. आमच्याकडे कुणी वळून बघितलं नाही, तेही मला आवडलं.

नेहा आतून धावत आली. हात पुसत यमुनाच्या पाया पडली. म्हणाली, आज मी सांगेन ते खायचं. पहिल्यांदा जांभळ्या मक्याचं सरबत आलं, लवंग-दालचिनी घालून उकळलेलं, आपल्या कोकमाच्या रंगाचं. त्यात बर्फाचे तुकडे. यमुनाने एकेक तुकडा बोटांनी उचलून बशीत काढला, मग प्यायली. वाढणाऱ्या मुलीने दुसरी बशी आणून ठेवली.

मग बटाट्याचं काहीतरी आलं. उकडून कुस्करलेला, लिंबू आणि पिवळी मिरची घालून थंड केलेला, वड्यांसारखा थर लावून मध्ये कोळंबी. यमुना म्हणाली, वडा करायचा विसरलेत. पण खाल्लं सगळं. नेहाने सांगितलं की बटाटा मुळात त्यांच्याकडचाच, तिथून जगभर गेला. यमुना म्हणाली, मग त्यांना कळायला पाहिजे, तळला की चांगला लागतो. नेहा एवढी हसली की तिला खुर्चीला धरावं लागलं.

आणि मग ती ताटली आली. खोलगट ताटली, तीच हाताला गार लागत होती, म्हणजे वाढायच्या आधी ती थंड करून ठेवली होती. खाली बर्फाचा बारीक चुरा पसरलेला, त्यावर वाटी, वाटीत माशाचे पांढरे चौकोनी तुकडे, कागदासारखा चिरलेला कांदा, कोथिंबीर, लाल मिरची, बाजूला उकडलेलं रताळं आणि मक्याचे बोराएवढे दाणे. सगळ्यावर लिंबाचं पाणी. याला ते सेविचे म्हणतात. मासा आगीवर ठेवतच नाहीत. लिंबाचा रस लागला की तो वरून पांढरा पडतो, शिजल्यासारखा.

यमुनाने हात मागे घेतला. "कच्चं हाय?"

नेहा म्हणाली, "कच्चंच, काकी. आपल्याकडचा जिताडा."

मला वाटलं आता ही उठणार. पण ती म्हणाली, "मासा दाखव."

नेहाने तिचा हात धरला आणि आम्हाला ओट्याकडे नेलं. तिथे सगळ्यांसमोर मासा कापतात, लपवाछपवी नाही. तीन-चार स्वयंपाकी, कुणी कुणावर ओरडत नव्हतं. सुरी फिरताना आवाज नाही. प्रत्येक माशानंतर लाकूड पुसायचं, सुरी पुसायची, मगच पुढचा. मी धक्क्यावर मासे कापणारे खूप पाहिले, हातांना वेग असलेले. पण इथे वेगाबरोबर मानही होता. काटे आणि डोकीसुद्धा टाकत नव्हते, रश्शासाठी बाजूला काढत होते. माझ्या कारखान्यात मला असं चार दिवस काम करायला मिळालं असतं तर मी पगार मागितला नसता.

नेहाने खालचा खण ओढला. बर्फावर कापड, कापडावर अख्खा जिताडा, पोट खाली करून ठेवलेला, वितळलेलं पाणी त्याला लागणार नाही असा. यमुनाने पदर खोचला. आधी हात धुऊन घेतले, विचारून. मग कल्ला उघडला, आत बोट फिरवलं. पाठीवर अंगठा दाबला आणि सोडला. शेपटीकडे मुठीत धरून बघितलं. पाटी डोक्यावर होती तेव्हा जशी होती, तशी ती दिसली मला. स्वयंपाकी हातातलं काम थांबवून बघत होते.

ती म्हणाली, "आजचा हाय. पहाटेचा. बर्फावर आत्ताच घातलाय."

नेहा काही न समजता, अगदी कौतुकाने म्हणाली, "नाही काकी, परवाचा. परवा रेवसवरून मीच आणला. बर्फ काकांच्या कारखान्यातला."

नेहाच्या लक्षात आलं असावं, तिचा चेहरा उतरला. ज्या शब्दासाठी मी आयुष्य काढलं तो समोर येऊन उभा होता, आणि मला तो नको झाला. तिच्याकडे बघवेना. मी पटकन म्हटलं, "अगो, डोळ्यांत थेंब घातलेत ना. दिसत नाय तुला धड."

तिने परत एकदा माशावर हात फिरवला. सावकाश, डोक्यापासून शेपटीपर्यंत. मग म्हणाली, "डोल्यांत थेंब घातलेत. हातात नाय घातलेले."

एवढंच. हात धुतले, पदर सोडला आणि टेबलाशी येऊन बसली.

मग तिने तो कच्चा जिताडा खाल्ला. पहिला तुकडा बराच वेळ चावला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, नेहा लांबून बघत होती. गिळल्यावर म्हणाली, मिरची कमी हाय. मग दुसरा घेतला, रताळ्याबरोबर तिसरा घेतला, वाटी संपवली. तळाशी लिंबू, मासा, मिरचीचं जे पाणी उरतं त्याला त्या देशात वाघाचं दूध म्हणतात. नेहाने ते छोट्या पेल्यात ओतून दिलं. यमुनाने एका दमात घेतलं, डोळे मिचकावले आणि म्हणाली, "ह्याच्यावर पाटी घेऊन पेनच्या बाजारापर्यंत जाईन."

मीही खाल्लं. कसं लागलं ते सांगतो. शिजवलेल्या माशात आपण मसाल्याची चव खातो. त्यात वाईट काही नाही, आपला मसाला चांगलाच आहे. पण इथे माशाचीच चव लागली, गोडसर, घट्ट, आणि तिच्यामागे थंडपणा. तो थंडपणा नसता तर ती चवच उरली नसती. मी आयुष्यभर जे केलं ते पहिल्यांदा माझ्या तोंडात आलं. मला कुणी विचारलं की जन्मात चांगलं काय खाल्लंस, तर यमुनाच्या हातचं जिताड्याचं कालवण आणि ही ताटली. वाढलं थोडंच होतं, हे खरं. पण थोडं होतं म्हणून मन लावून खाल्लं.

बशीत काढलेले बर्फाचे तुकडे अर्धे वितळले होते. यमुनाने त्यातला एक उचलला. मला वाटलं खिडकीबाहेर टाकते. तिने तो तोंडात घातला आणि गाल फुगवून बसली, लहान पोरीसारखी. मी दुसरीकडे बघितलं. बघत राहिलो असतो तर तिने तो थुंकला असता, तेवढं मी तिला ओळखत होतो.

निघताना नेहाने बिल घेतलं नाही. दारापर्यंत आली आणि यमुनाला म्हणाली, काकी, मी उगाच बोलले. यमुनाने तिच्या गालावर हात ठेवला. "खरं बोललीस. माशाच्या धंद्यात खरं बोलनारी बाय मिलत नाय. मी पन धरून."

परतीच्या लाँचवर थेंबांचा असर उतरत होता, ती पाण्याकडे बघत होती. ट्रॉलर लांबून चालले होते, एरवी त्यांना दोन शिव्या दिल्याशिवाय ती राहायची नाही. रेवस दिसायला लागल्यावर म्हणाली, "अवो, रेखा यील तवा आना."

मी म्हटलं, काय आणू?

"बर्फ. घरात. तिला हे कच्चं जिताडं करून घालीन. मिरची बरोबर घालून."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आनंद दाखवला तर तिने तिथेच शब्द फिरवला असता. पण घरी येईपर्यंत मी मनात लादी निवडून ठेवली होती, काचेच्या रांगेतली. रेखा मे महिन्यात येणार होती.

त्यानंतर आठवडाभराने ओट्यावर वाल सोलले, ते वर सांगितलं.

सकाळी मला जाग आली ती उशिरा, कारण भांड्यांचा आवाज झाला नाही. ती कुशीवर होती, हात उशाखाली. मी हाक मारली, मग हात लावला. थंडी ओळखण्यात माझं आयुष्य गेलंय. मला डॉक्टर लागला नाही. तरी शेजारच्या पारूवहिनीने बोलावला आणि त्याने सांगितलं, झोपेतच, पहाटेच्या आधी.

रेखाचा फोन लागला. आधी नुसता रडण्याचा आवाज, मग म्हणाली, "बाबा, दुपारचं विमान आहे. संध्याकाळपर्यंत पोचते. आईला नेऊ नका. मला तिला हात लावायचाय."

पुतण्या म्हणाला अलिबागहून विजेची पेटी मागवतो, काचेची, आता सगळे तेच करतात. मी नको म्हटलं. काचेवरून हात फिरवायला ती विमानाने येत नाही. मग बर्फ आणावा लागेल, असं कुणी तरी हळूच बोललं. आळीत सगळ्यांना यमुनाचा नियम माहीत होता. पारूवहिनी उंबरठ्यावर बसल्या होत्या, त्या तिथून हलल्या नाहीत. म्हणाल्या, भावोजी, तिनं जल्मभर येव दिला नाय, आता ती बोलू शकत नाय म्हणून आनता?

मी म्हटलं, "ती बोललीय. रेखा येईल तेव्हा आणा, असं बोललीय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला बाहेर जायला जागा दिली.

मी कारखान्यावर गेलो. तिथल्या माणसांनी मला बसवायचा प्रयत्न केला, मी बसलो नाही. काचेची रांग अजून काढतात, मी गेल्यावरही कुणी बंद केली नव्हती. त्यातली एक लादी मी स्वतः उतरवली, करवतीने दोन भाग केले, एका कोपऱ्याचा चुरा क्रशरमधून दोनदा काढला. हातगाडीवर गोणपाट, त्यावर लाद्या, वर गोणपाट. घराशी आलो तर पाय आपोआप मागच्या दाराकडे वळले. तिथे हातपाय धुतले. मग गाडी पुढच्या दाराला आणली.

पारूवहिनी उठल्या आणि गोणपाटाचं एक टोक त्यांनी धरलं. आम्ही उंबरठा ओलांडला.

लाद्या दोन्ही बाजूंना ठेवल्या, गुंडाळून. अंगावर नाही, चेहऱ्याला लावल्या नाहीत. पाणी जायला मागच्या दाराकडे उतार केला. लोकांच्या घरी जे जे सांगायचो ते सगळं केलं, फक्त या वेळी सांगायला कुणी नव्हतं.

मग स्वयंपाकघरात गेलो. वालाचं पातेलं झाकलेलं तसंच होतं. सुतकात आमच्या घरी चूल पेटणार नव्हती, ते मला कळत होतं. पण त्या दिवशी ऊन फार होतं आणि संध्याकाळपर्यंत वाल आंबले असते. क्रशरमधून काढलेला तो चुरा परातीत घेतला आणि पातेलं त्यात बसवलं.